लोड आल्यावर बघू

लेक : चष्मा लावा बाबा, आणि दोन्ही ओळी वाचा.

बाबा : वाचल्या.

लेक : एक नंबरची लाइन, करंट चौऱ्याऐंशी पूर्णांक तीन, कोन एकोणीस. दोन नंबरची लाइन, करंट चौऱ्याऐंशी पूर्णांक तीन, कोन एकोणीस. अकरा वर्षांपूर्वीचा टेस्ट रिपोर्ट. खाली सही तुमची.

आई : अगं, पाणी तरी पी. आल्या आल्या कागद कसले काढतेस? पैलवानाला जाऊन आज नऊ दिवस झाले, तेव्हापासून यांच्या घशाखाली घास उतरत नाही.

लेक : पैलवानकाकांचंच आहे हे, आई.

आई : त्याचं काय राहिलंय आता? तुमच्या ऑफिसातले साहेब सांगून गेले त्याच्या बायकोला, अर्थिंग न करता तुटलेल्या तारेला हात लावला म्हणून. बत्तीस वर्षं लाइनमन होता तो. ती मला रोज एकच विचारते, वहिनी, हे विसरले कसे?

लेक : हात लावलाच नव्हता. तारेपासून चार पावलांवर पडले होते, तार जमिनीला जोडायचा अर्थिंगचा दांडा खांद्यावरच होता. ओल्या जमिनीतून शॉक बसला. आमच्या स्टेशनने त्यांना फोनवर सांगितलं होतं, ब्रेकर पडलाय, लाइन बंद आहे, जा. तो पडलाही होता. पण तुटलेल्या त्या दोन नंबरच्या लाइनीला दोन टोकं आहेत. पलीकडच्या स्टेशनातला पडला नाही. चाळीस मिनिटं तार तिकडून जिवंत होती.

आई : का नाही पडला?

लेक : तिथे एक रिले असतो. तो करंट मोजतो आणि व्होल्टेजशी ताडून बघतो, की करंट चाललाय कुठे. स्टेशनातून लाइनीत निघाला असेल तर दोष लाइनीवर आहे, ब्रेकर पाडायचा. लाइनीतून स्टेशनात येत असेल तर दोष दुसरीकडे आहे, गप्प बसायचं. नाहीतर शेजारणीच्या दोषापायी चांगली लाइनही बंद पडेल.

आई : म्हणजे दारावरचा राखणदार.

लेक : हो. पण याचं तोंड उलट बाजूला आहे. करंट मोजणाऱ्या सीटीच्या दोन तारा अदलाबदल झाल्यात. काल पॅनल उघडून मी डोळ्यांनी पाहिल्या. त्याला करंट दिसला होता, आई. चाळीस मिनिटं दिसत होता. नोंदीत लिहिलंय, दिशा मागे.

आई : आणि अकरा वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही?

लेक : रोजच्या लोडला तो जागा होत नाही. चार वर्षांपूर्वी शेजारच्या लाइनीवर दोष आला, तेव्हा याने नको तिथे ब्रेकर पाडला होता. रजिस्टरमध्ये 'अकारण ट्रिप' असं लिहून मोकळे झाले.

बाबा : ते मला कुणी कळवलं नाही.

लेक : तुम्ही रिटायर झाला होतात. बाबा, तारा उलट लागतात, माणसाच्या हातचं काम आहे. म्हणून तर लोड आल्यावर कोन बघायचा, त्यावरून दिशा कळते. तुम्हीच शिकवलंत मला.

बाबा : त्या दिवशी लोड नव्हता. दोन नंबरची लाइन नुसती चार्ज करून ठेवली होती, करंट वाहत नव्हता, लोड दुसऱ्या दिवशी यायचा होता. वरच्यांना रिपोर्ट संध्याकाळी हवा. मी तीन दिवस घर पाहिलं नव्हतं. दोन्ही लाइनी एका मापाच्या. म्हटलं, आकडे तेच येणार.

लेक : म्हणून एक नंबरचे उतरवून काढलेत.

बाबा : उतरवले. आठ दिवसांनी येऊन बघू म्हटलं.

आई : मग?

बाबा : मग दुसरं काम निघालं.

आई : अहो, भाजीच्या पिशवीतली यादी दोनदा तपासणारे तुम्ही.

लेक : उद्या अकराला चौकशी आहे. साहेब मला म्हणाले, पॅनल तू एकटीने उघडलंस, तारा तूच हलवल्या नाहीस कशावरून? तुझ्याच वडिलांच्या कागदावर दिशा बरोबर आहे. हा कागद खरा असेल, तर चूक पैलवानकाकांचीच राहते.

बाबा : चाळीस वर्षांत माझ्या रिपोर्टवर कुणी बोट ठेवलं नाही गं.

लेक : माहीत आहे. म्हणून तर तो अजून चालतोय.

बाबा : तो होता त्या दिवशी. पैलवान. टेस्टिंगचं किट त्यानेच उचललं होतं.

आई : काडीसारखा जीव, आणि नाव तुम्ही पैलवान ठेवलंत.

बाबा : गाडीत बसताना म्हणाला, साहेब, लोड आल्यावर बघायचं राहिलं. म्हटलं, आठ दिवसांनी. मग जेव्हा भेटेल तेव्हा विचारायचा, साहेब, झाले का आठ दिवस? मी हसायचो. मग तोही हसायचा.

आई : इथे बसून चहा पितानासुद्धा विचारायचा. मला वाटायचं, तुमची दोघांची काहीतरी थट्टा चाललीय.

(बाबा उठून खुंटीवरचा शर्ट घेतात. बटणं लावायला वेळ लागतो.)

लेक : बाबा, चौकशी उद्या आहे.

बाबा : उद्या तिथे सांगेन. लिहूनही देईन. आधी तिच्याकडे जातो.

आई : काय सांगणार तिला?

बाबा : की तो काही विसरला नव्हता.