अकरा सेकंदांची चाकं

—नाही नाही, ताई, त्या नव्हेत. वरच्या खुंटीवरच्या त्या दोन रिमा विकायच्या नाहीत. त्यांच्याकडे बघायचंसुद्धा नाही—बघितलं की माणूस मागतो. बसा तुम्ही. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय लुळा आहे—जगाच्या वाकड्या चाकांचे आऊट काढून ती सरळ करता करता जन्म गेला, घरच्या स्टुलाला वेळ मिळाला नाही. या ग्रीसच्या डब्यावर बसा. झाकण आत्ताच पुसलंय—बरं, काल पुसलंय. हां. आता द्या तो कागद इकडे. अरे वा, तक्ताच केलाय! रिम इतके ग्रॅम, हब इतके ग्रॅम, स्पोक इतके ग्रॅम, आणि खाली दोन रेघा मारून बजेट. लांब कुठेतरी शिकून आलात ना? ओळखलं मी. आमची नेहमीची गिऱ्हाइकं येतात आणि म्हणतात, काका, काहीतरी बसवा. ग्रॅम विचारणारं तुम्ही पहिलंच गिऱ्हाईक. दुसरं. पहिल्याचं नाव नको काढायला सकाळी सकाळी.

हे काय लिहिलंय—कार्बन? या बजेटात? ताई, राग मानू नका, पण या पैशात कार्बनचं चाक म्हणजे ना आई ना बाप असलं चाक. फोटोत झकास दिसतं. घरी येतं, बसतं, फिरतंही—आणि एक दिवस लांब उतारावर ब्रेक दाबून धरला, रिम तापली, फुगली, की तक्रार कुणाकडे? माझ्याकडे. 'काका, बघा ना जरा.' काय बघू? मी काय नाडी बघतो चाकाची? बघतो म्हणा—हे बघा, असं दोन बोटांनी स्पोक छेडायचे, शेजारशेजारचे—ऐकलंत? एका सुरात बोलले पाहिजेत. एक जरी भसाडा निघाला, की समजायचं, या घरात भांडण आहे. मशीनवर भरलेल्या स्वस्त चाकात छत्तीस स्पोक आणि छत्तीस मतं. म्हणून सांगतो, तयार जोडी घेऊच नका. मी भरून देतो हातानं. चाकाच्या मधला हब जुना घ्यायचा—हो, जुना, नाक मुरडू नका—चांगल्या घरचा जुना हब, उघडून धुतला, छर्रे नवे घातले, की नव्याच्या थोबाडीत मारतो. तिथे पैसे वाचवायचे. स्पोक मात्र कंबर असलेले घ्यायचे, दोन्ही टोकांना जाड, मध्ये बारीक. आणि उरलेला सगळा पैसा कडेला, रिमेत. हलकेपणा कडेला पाहिजे. पोटातलं वजन माणूस कसंही वाहतो हो, पायात शिसं बांधलं की कळतं.

तुम्ही ऐकता फार छान. खरंच. मध्ये मध्ये बोलत नाही. आमच्या घरात मी एक वाक्य सुरू करतो आणि ते आमची ही संपवते—आणि माझ्या मनातल्यापेक्षा भलतंच संपवते. असो.

का नाही विकायच्या त्या? विचारलं नाहीत, पण डोळे तिकडेच आहेत तुमचे. रविवारी चढ आहे आमचा, सायकलींची शर्यत. पाण्याच्या टाकीपासून टेकडीवरच्या मनोऱ्यापर्यंत, साडेचार किलोमीटर, आणि शेवटचं वळण असं, की तिथे माणसाला आपली सगळी पापं आठवतात. साठीपुढच्यांचा वेगळा गट असतो. आम्ही चौदा जण—त्यातले बारा फोटोसाठी येतात. उरले दोन. एक मी. दुसरे आमचे व्याही. दातांचे डॉक्टर आहेत. म्हणजे होते, आता दवाखाना मुलगा बघतो, आमचे जावई. माणूस वाईट नाही हं. पण आयुष्यभर समोरच्याच्या तोंडात कापूस कोंबून बोलायची सवय, त्यामुळे उत्तर ऐकायची सवयच नाही. काही माणसांना एकदा बोलायला लागलं की थांबताच येत नाही, काय करणार—हसताय का? बरं.

लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. त्यांच्याच दिवाणखान्यात बसलो होतो सगळे. ते म्हणाले, 'मुलगी लाखात एक आहे बुवा. सायकलवाल्याच्या घरात असं रत्न!' कौतुकच केलं त्यांनी. सगळे हसले. मीही हसलो. हातातल्या कपबशीकडे बघत बसलो. नऊ वर्षं झाली त्याला—मी विसरूनसुद्धा गेलो. बशीवर निळी नक्षी होती, काठाला जरा टवका गेलेला, डाव्या बाजूला.

मग आम्ही दोघं एकाच वर्षी साठीच्या गटात आलो आणि पैज लागली. हरेल त्यानं जिंकणाऱ्याची सायकल त्याच्या दारात बसून धुवायची. स्वतःच्या हातांनी. पाच वर्षं झाली, ताई! पाच वर्षं दातांचे डॉक्टर माझ्या दारात पालथ्या बादलीवर बसतात आणि दात घासायच्या ब्रशनं सायकलवाल्याची साखळी घासतात. एकेक कडी. मी खुर्ची टाकून बसतो आणि म्हणतो, आतल्या बाजूनं घ्या डॉक्टर, किडते तिथेच.

आता तुम्ही बाहेरच्या, म्हणून सांगतो. कुणाला बोलू नका. चढाच्या आधी दर वर्षी ते चाकं माझ्याकडेच देतात आऊट काढायला—कारण दुसरीकडे कुठे देणार? लढाईला जायचं आणि तलवारीला धार लावायला शत्रूकडे द्यायची, असला भोळा माणूस. तर ते पांढरं औषध असतं ना, पंक्चर आपोआप बुजावं म्हणून ट्यूबमध्ये घालतात ते? चाकाला पाव वाटी पुरतं. मी बाटली पालथी करतो. एका चाकात पाव किलो, दोन्हींत मिळून अर्धा. पहिल्या वर्षीपासून. या वर्षीचं गेल्या मंगळवारीच घालून दिलंय, ताजं. एकदा म्हणाले, 'चाकातून समुद्रासारखा आवाज येतो हो.' मी म्हटलं, भारी चाकाची खूणच ती. तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला चाक फिरवून ऐकवतात! आणि एक बघा, पाच वर्षांत त्यांचं एकदाही पंक्चर झालेलं नाही. गावभर सांगत फिरतात. श्रेय कुणाचं? मी मागितलंय कधी?

—फसवणूक नाही हो ही. गंमत. आपसातली. असं तोंड करू नका.

गेल्या वर्षी मात्र अकरा सेकंदांनी जिंकलो. अकराच. आधी वीस-पंचवीस असायचे. आणि ते खाली बसून साखळी घासत होते, वरून डोक्यावर टक्कल दिसत होतं, घाम आलेला—तेव्हा मनात आलं, मी जिंकलो की बाटली जिंकली? सहज आपलं. झोपबीप उडाली नाही माझी. उडते, पण ती गुडघ्यानं. त्यातून यंदा गुडघा फारच कुरकुरतोय, म्हणून त्या रिमा मिळवल्या. वर्षभर शोधत होतो. चारशे ग्रॅमची एकेक, आणि वाकत नाही. शनिवारपर्यंत भरायच्या आहेत. आता कळलं, का नाही विकायच्या?

तर तुमचं. चालवणार कोण? तुम्ही? तुम्हाला काय करायचीयत हलकी चाकं, तुम्ही स्वतःच वाऱ्यावर—काय? वडील? वडिलांसाठी? साठी उलटलीय, चढावर दम लागतो. हं. आणि हे बजेट तुमचं. म्हणजे... पहिला पगार?

पहिला पगार. आणि बापाला चाकं.

आमच्या कन्येचा पहिला पगार झाला तेव्हा तिनं मला चष्मा घेऊन दिला होता. हाच. दोनदा काच बदलली, काड्या त्याच. म्हटलं, तुला काही घ्यायचं होतंस. तर म्हणाली, बाबा, तुम्ही स्पोकला भोक शोधता तेव्हा बघवत नाही. —धूळ फार आहे या दुकानात. थांब जरा. थांब, पोरी, ती शिडी धर. धर म्हटलं ना घट्ट. गुडघा... हां. या घे. फुंकर मार त्यांच्यावर. बघतेस काय? घे! माझं काय, मला त्या चढावर कुठे सोन्याचं कडं मिळणार आहे. तुझ्या बापाला दे. बजेटाच्या वर एक पैसा देऊ नकोस. हे बघ, काट्याला लावतो—चारशे पाच. दुसरी, चारशे दोन. हा काटा खोटं बोलत नाही. या दुकानात तो एकटाच. सगळी जोडी मिळून सोळाशे ग्रॅमच्या आत बसवतो, हा माझा शब्द. वडील रविवारी चढाला येणार नाहीत ना पण? मान हलवलीस ती हो म्हणून की नाही म्हणून? नुसत्या फिरण्यासाठी असणार. बरं, सायकल आणलीयस? ब्रेकमध्ये बसते का बघायला हवं. आण आत. हळू, उंबरठा आहे, मागचं चाक उचलून—

ही निळी सायकल.

ही पितळेची घंटा. ही माझ्याच दुकानातली. आमच्या कन्येनं नेली होती, सासऱ्यांच्या साठीला.

तुम्ही... म्हणजे आपण... डॉक्टरांच्या धाकट्या? पण लग्नात तर दोन वेण्या होत्या! आणि दातांना तार! नंतर बाहेरच शिकायला, म्हणजे मी कसा ओळखणार—नाक बघून मघाशी वाटलं होतं, कुठेतरी पाहिलंय. आपण आधी उठा बरं. ग्रीसच्या डब्यावर कशाला बसलात? आत खुर्ची आहे चांगली, पाठीची. चहा सांगतो. बिनसाखरेचा सांगू? तुमच्याकडे साखर चालत नाही ना—ताई, ते चाक कशाला काढताय? राहू द्या, मी काढतो, हात काळे होतील. काट्याला नको. ताई, काट्याला नका लावू, तो काटा जरा बिघडलेला—

हो.

दिसतंय मला. माझाच काटा आहे.

आणि हलवून ऐकवायची काय गरज आहे?

कुणी पाठवलं? वहिनीनं? म्हणजे आमच्याच कन्येनं? काय सांगून पाठवलं? '...बाबांसमोर नुसतं बसायचं, मध्ये बोलायचं नाही, सगळं आपणच सांगतात.' वा. वा! आणि मी मघापासून कौतुक करतोय, काय गुणाची मुलगी, एक शब्द मध्ये बोलत नाही! नऊ महिने पोटात वाढवलेली—म्हणजे आमच्या हिनं वाढवलेली—ती अशी उलटते. सासरच्या माणसांनी एकदा प्रेम लावलं, की बापाचं चाक आऊट झालंच म्हणून समजा.

काय लिहिताय कागदावर? तक्रार? लिहा, लिहा. ...सायकल आणि माणूस मिळून नव्वद किलो. त्यात जादा अर्धा. चढाला लागतात वीस मिनिटं. बरं, मग? सात. सात काय? सेकंद? अर्ध्या किलोनं नुसते सात सेकंद? चुकलं नाही ना काही? परत करा. तुम्ही लांब शिकून आलात, तुमचं चुकणार नाही, पण परत करा.

सातच.

म्हणजे अकरातून सात गेले... चार. ताई, मी चार सेकंदांनी जिंकलो होतो! बाटलीशिवाय! आणि आधीच्या वर्षांत वीस-पंचवीस, म्हणजे ते तर—पाचही वर्षं! पाचही वर्षं मीच! अहो, उगाच घातलं मी ते औषध! केवढ्याला येते बाटली! तुमच्या वडिलांना सांगा—नाही, नका सांगू. नाही, सांगाच. पण औषधाचं आधी सांगू नका हं, आधी चार सेकंदांचं सांगा, ते नीट बसू द्या मनात, मग औषध.

खाली आणखी काय लिहिलंत? जुनी चाकं बावीसशे, नवी सोळाशे. सहाशे ग्रॅम कमी. आठ सेकंद. बरं. सात अधिक आठ, पंधरा. अकरातून पंधरा—

अकरातून पंधरा जात नाहीत.

हं.

काय करताय? शिडी कशाला धरलीत? खाली ठेवा त्या रिमा. खुंटीवर परत नाही टांगायच्या. एकदा खाली आल्या त्या आल्या. सायकलवाल्याच्या घरातला शब्द आहे तो—तुमच्या वडिलांना हे वाक्य असंच्या असं सांगा. शनिवारी संध्याकाळी पाचला या. दोन्ही ट्यूब नव्या घालतो, कोरड्या ठणठणीत. समुद्राचा आवाज येणार नाही म्हणावं, वाईट वाटून घेऊ नका. आणि घरात तो दात घासायचा ब्रश असेल ना, माझ्या साखळीचा—तो तेवढा धुऊन ठेवायला सांगा. आणि एक बादली. पालथी घालायला.

जा आता. आणि जाताना शटर अर्धं ओढून घ्या. आज मला कुणाशी बोलायचं नाहीये.