भट्टीच्या जागी जांभळं

कामशेतला एसटीच्या रांगेत शेजारी टोपली घेऊन उभ्या असलेल्या बाईला पाहून अनसूयाबाईंनी पदर आवरला.

"मावशी, टोपली जरा लांब धरा. साडीला कोळसा लागतोय."

"कोळसा न्हाई बाई, माती हाय. जांभळाची रोपं हायती. आमची कोळशाची भट्टी व्हती ना, तितं लावायची."

"जंगलखात्याचं खूळ!" मागून त्या टोपलीवाल्या बाईचा लेक शिदू म्हणाला. "आये, दिवाळी झाली की मुकादम नव्या भट्टीवर न्यायला येतोय. मग यांना पानी कोन घालंल?"

"आदी एसटी तर येऊ दे."

"दर साली जातो आपन. मुकादमाला काय सांगू?"

एसटी आली. अनसूयाबाईंनी टोपलीला एका बाजूनं हात लावला. दुसऱ्या बाजूनं टोपली उचलत ती बाई लेकाला म्हणाली,

"शिदू, भट्टीपायी झाडं तोडून डोंगर आपनच बोडका केला. तू जा भट्टीवर. मी हितंच ऱ्हानार, पानी घालायला."