मंडळी जेवली का?

दोष मामीचा. आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर तुम्ही मामाकडे बघणार नाही, घरमालकांकडे बघणार नाही आणि माझ्याकडे तर नाहीच नाही, कारण कॉलेज सोडलेल्या पोराकडे बोट दाखवायची आपल्या वडीलधाऱ्यांना अशी काही खोड आहे की घरातलं दूध नासलं तरी आधी माझं तोंड बघतात.

तर मामाचं गाड्या रंगवायचं गॅरेज. रंग आला म्हणजे थिनर आला, थिनर आला म्हणजे वास आला, आणि वास, तुम्हाला सांगतो, पायऱ्या न मोजता वर जातो. वर कोण? घरमालक, रिटायर हेडमास्तर, सगळ्यांचे सर. त्यांनी निक्षून सांगितलं, करार संपेपर्यंत एक तर वास जाईल, नाहीतर गॅरेज जाईल. आणि रोज संध्याकाळी खालच्या पायरीवर उभं राहून हवा हुंगायचे आणि शंभरपैकी मार्क द्यायचे. "आज अकरा. नापास." बोलायचे हवेबद्दल, बघायचे माझ्याकडे...

मग मामाने ट्रायलवर यंत्र आणलं. एक पारदर्शक टाकी, टाकीत पाणी, पाण्यात स्ट्रॉहून बारीक नळ्यांचा जुडगा. यंत्रवाली इंजिनियर बाई म्हणाली, "गॅरेजची हवा नळ्यांतून जाणार. नळीची भिंत म्हणजे पातळ पडदा. थिनरची वाफ त्यातून झिरपते, पलीकडे पाण्यात जंतू बसलेत, ते ती खाऊन टाकतात."

मामाने काय विचारावं? "आणि पगार?"

"पाण्यात चिमूटभर खत, बस."

मामाने माझ्याकडे असं पाहिलं, की बघ, शिक काहीतरी. त्या दिवसापासून जंतूंची झाली मंडळी. शटर अर्धं वर जातंय तोच मामाची हाक, "मंडळी जेवली का?" अहो, सख्खा भाचा चहासुद्धा न पिता समोर उभा आहे, त्याचं काय?

पण मंडळी कामाची निघाली. नळ्यांवर तपकिरी, बुळबुळीत थर धरत गेला तसे मार्क चढले, आणि एका संध्याकाळी सर म्हणाले, "पस्तीस. काठावर पास." स्वतःच्या खिशातून काढून दिल्यासारखे.

आणि मामी डबा द्यायला आली.

मामीला घाण दिसते असं नाही, मामीला घाणच दिसते. आम्ही दोघं गिऱ्हाइकाची गाडी ढकलत बाहेर नेऊन परत येतो न येतो, तेवढ्यात तिने टाकी उपसली, नळ्या घासल्या, जंतुनाशकाची अख्खी बाटली ओतली आणि घाम पुसत म्हणते कशी, "केवढे जंतू झाले होते रे त्यात. कुणी बघितलंत तरी का?"

मामा मटकन खाली बसला. "अगं, मंडळी होती ती."

"कुठली मंडळी?"

"आपली."

संध्याकाळी सर आले, एकदाच हुंगले. "भोपळा."

बाईला फोन गेला. ती दुसऱ्या कारखान्यातल्या टाकीचा गाळ कॅनमध्ये घेऊन आली. "हे विरजण समजा. पण नवे आहेत, एकदम पोटभर थिनर दिलात तर मरतील. थोडा थोडा द्यायचा, हळूहळू वाढवायचा." कोण देणार? सगळ्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. म्हणजे बघा, रंगकाम बंद, करार संपत आलेला, मामाचं दुकान टांगणीला, आणि ते वाचवणार कोण? तर ज्याला यांनी कालपर्यंत कुचकामी म्हटलं तो. वर्गात एक तास धड न बसलेला मी यंत्राच्या हवा ओढणाऱ्या पंख्यासमोर थिनरचा डबा किलकिला करून, टाकीकडे डोळे लावून दिवसच्या दिवस बसलो. आणि नळ्यांवर पुन्हा पुसटसा थर दिसला ना... खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

कराराचा शेवटचा दिवस. आत अख्ख्या गाडीवर फवारा चालू. सर पायरीवर आले, डोळे मिटले, हुंगले. पुन्हा हुंगले.

"बासष्ट. फर्स्ट क्लास. करार पुढे चालू."

मला जन्मात कुणी फर्स्ट क्लास दिला नव्हता, आणि आला तो जंतूंच्या नावावर. चालतंय.

इथे संपायला हवं होतं की नाही? पण उजाडला रविवार. रविवारी गॅरेज बंद, रंग नाही, थिनर नाही, मग मंडळी खाणार काय? बाई परोपरीने सांगते, एक दिवस उपाशी राहिले तर काही होत नाही त्यांना. मामी ऐकेल तर शपथ. "एकदा मारलेत मी हातांनी, आता उपाशी ठेवायचं पाप नको. हा रिकामाच आहे, जाईल."

म्हणजे वास घालवायला यंत्र आणलं, आणि यंत्राला जगवायला मी सुट्टीच्या दिवशी मुद्दाम जाऊन वास करतो. आहे का नाही थोरांची अक्कल? वरून खिडकी उघडते. आता सरसुद्धा त्यात सामील.

"काय रे, मंडळी जेवली का?"

"बसलीत, सर."

"सावकाश होऊ दे म्हणावं."

माझे रविवार गेले. सगळे.