असे कोणतेही फोटो काढलेले नाहीत

नाही, सही नाही करणार मी. वाचला की कागद, दोनदा वाचला. ‘तक्रार गैरसमजातून केली होती, मीटर वाचणाऱ्या सदर कर्मचाऱ्याने माझ्या आईचे कोणतेही फोटो काढलेले नाहीत’ — खाली तुमची सही, शेजारी माझ्या सहीला जागा. उद्याच्या चौकशीत हा ठेवला की माझी नोकरी वाचते, कळतंय मला. आणि बदल्यात तुम्हाला हवंय काय? तर आईचा फोटो. म्हणजे काढलाच नाही असं लिहून द्यायचं आणि काढलेला तुमच्या हातात ठेवायचा. बसा, उभे का? ती खुर्ची नको, तिच्यावर ओले प्रिंट आहेत — इकडे बसा.

ओशाळू नका हो. तुमच्या आई, आमच्या मावशी, गेल्या, घरात त्यांचा धड एक फोटो सापडेना, मग ज्याच्यावर तक्रार ठोकली त्याचंच दार — अडला हरी, दुसरं काय. गाढव मी, चालेल मला. सव्वीस वर्षं दारोदार मीटर वाचतोय, सवय आहे. नियम काय, तर ऑफिसच्या फोनवर मीटरचा फोटो घ्यायचा, आकडे स्वच्छ दिसले पाहिजेत, बाकी काही नको. फोन आले त्या वर्षी साहेबांनी बोलावलं — तुझ्या फोटोत मीटर कुठंय? होतं की, कोपऱ्यात होतं, बाकी जिना, उन्हाचा पट्टा आणि कुणाच्या तरी चपला. म्हणाले, आकडे वाच, ऊन वाचू नकोस. बरं म्हटलं. तेव्हापासून ऑफिसचे फोटो ऑफिसच्या फोनवर आणि माझे माझ्या कॅमेऱ्यावर. तो नोकरीच्या आधीपासून आहे माझ्याकडे. खूळ म्हणता? म्हणा. न्हाणीघराची डार्करूम केलीय, बायको नाक मुरडते, अंघोळ उरकून घेते, पण फेक म्हणाली नाही कधी.

तुमच्याकडे मीटर जिन्याखाली, तिथं काळोख, मावशी बॅटरी धरायच्या. दर महिन्याच्या सात तारखेला, नऊ वर्षं. पहिल्या वेळी त्याच म्हणाल्या, आकड्यांचा काढताय तर माझाही काढा. नंतर नंतर तर केस विंचरून तयार असायच्या. आणि तो विटका स्वेटर — हो, तोच, वाचनालयाच्या भिंतीवर फोटो लागला तेव्हा ज्याची तुम्हाला लाज वाटली, लोक काय म्हणतील, मुलगा लक्ष देत नाही म्हणतील, म्हणून तर तक्रार ठोकलीत. मी म्हटलं होतं त्यांना, मावशी, आज दुसरं काही घाला. नाही म्हणाल्या, हाच घालते, हा मुलानं आणलाय. तुमच्या नसेल लक्षात. आणि विचारून लावला होता मी फोटो. बघायला आल्या त्या, काठी टेकत, बराच वेळ समोर उभ्या, मग म्हणाल्या, नाक अगदी माझ्या आईचं आलंय. खूश होत्या.

आता मी कोणी फार मोठा माणूस, असं नाही. साडेदहाला त्या जिन्यावर उन्हाची तिरीप यायची, ती गाठायला मी पलीकडच्या गल्लीतल्या चार-पाच घरांचे आकडे न जाताच अंदाजानं टाकलेत — बघा, हे ऑफिसात कुणाला ठाऊक नाही, तुम्हाला सांगून बसलो. घाला त्या कागदात, तेवढं तरी खरं असेल. आणि मीटर होतं म्हणून यायचो मी. नसतं तर आलो असतो का? काय माहीत. शेवटच्या महिन्यात त्या पायरीवर बसल्या त्या उठताच येईना, हात पुढे केला त्यांनी — आणि मी आधी फोटो काढला. मग हात दिला. आधी फोटो. हे कुणाला सांगितलं नव्हतं. फोटो चांगला आलाय, हेही सांगवत नाही.

हा घ्या डबा. एकशे चार आहेत, मधे चार महिने मी पाय मोडून पडलो होतो. सगळे तुमचे. नाही, बदल्यात काही नको, तक्रार राहू द्या. उद्या विचारलं की सांगणार — हो, काढले, कामाच्या वेळेत काढले, त्यांना विचारून काढले. गेली नोकरी तर गेली, चार वर्षं उरलीत, बायकोला सांगून ठेवलंय — नाही, सांगितलं नाही अजून, सांगेन. पण माझ्या हातानं मी लिहून देऊ, काढलेच नाहीत? मग नऊ वर्षं त्या जिन्याखाली बॅटरी धरून उभं कोण होतं? बोला ना.

इथं नका उघडू. घरी जाऊन बघा, आणि ओल्या हातानं नको. तो कागदही उचला तुमचा, मला प्रिंट पसरायला टेबल लागतंय. या आता.