थुंकीची तपासणी

(यवतमाळचं एसटी स्टँड, दुपार. मनाच्या डॉक्टरकडून आलेले नवरा-बायको, धम्मरत्न आणि ममता, राळेगावच्या गाडीची वाट पाहतायत.)

धम्मरत्न : बस ना वं जरा. कवाची येरझारा मारून राह्यली.

ममता : बसवत नाही मले. बसली का पाय आतून वळवळतात. तुमी बोला, मी आयकून राह्यली.

धम्मरत्न : तपासणी करूनच घेऊ. थुंकी पाठवायची मुंबईले, आन् तुले कोणती गोळी मानवते ते कागदावर येते. दोन गोळ्या झाल्या, फायदा काहीच नाही.

ममता : त्यातली पहिली तं विक्कीची होती. माय म्हणे, भावाले लागू पडली, रक्त एकच हाय, तुलेबी लागू पडन.

धम्मरत्न : आन् तू खाल्ली. डॉक्टरले न इचारता.

ममता : मायनं हातावर ठेवली, तं काय फेकून देऊ?

धम्मरत्न : म्हूनच म्हणतो, आता अंदाजानं नाही खायचं.

ममता : डॉक्टर म्याडम काय म्हणल्या, ते नाही आयकलं तुमी? शरीर गोळी लवकर पचवते का उशिरा, तेवढंच त्यात दिसते. मन बरं होईनच, असं लिहून येत नाही. तेवढ्याच पैशात वर्षभर दर पंधरवड्याले इथं येता येते, गोळ्यासकट.

धम्मरत्न : येऊन काय होते? तेच सवाल. झोप लागते का, जेवण जाते का.

ममता : इचारते तं ना कोणी.

धम्मरत्न : मी नाही इचारत?

ममता : इचारता. मी बरी हाय म्हणली का वावरात निंगून जाता.

धम्मरत्न : मंग खरं काहून नाही सांगत?

ममता : तुमचं तोंड उतरते.

धम्मरत्न : माह्याच्यानं पाह्यवत नाही वं. नवी गोळी म्हणजे लागू पडाले अजून सहा हप्ते, आन् रोज सकाळी तुह्याकडं पाहत राहायचं, आज फरक हाय का म्हून. भेव लागते मले. दोन्ही बकऱ्या इकतो, पण एकदाचं पक्कं कळू दे.

ममता : मलेबी भेव लागते. गोळीचा नाही. त्या सहा हप्त्यात माह्यं मन कुठं जाईन, त्याचा.

धम्मरत्न : म्हून तं कोठ्यातलं फवारणीचं सारं औषध शेजारच्या नागोरावदादाच्या घरी नेऊन ठेवलं मी. तुले सांगतलं नाही.

ममता : मालूम हाय मले.

धम्मरत्न : दादा बोलला?

ममता : नाही. मंगळवारी मी कोठ्यात गेलती.

धम्मरत्न : कायले?

ममता : (पुन्हा येरझारा घालू लागते.)

धम्मरत्न : ममता. म्याडमले सांगतलं का हे?

ममता : त्यायनं इचारलं होतं. पण तुमी बाजूले बसून होते.

धम्मरत्न : चाल. दवाखाना उघडा असन अजून. मी बाहेर बसतो.

ममता : आपली गाडी लागली ना.

धम्मरत्न : जाऊ दे तिले.