गाडी थांबली म्हणून

आबूला जायचं ठरलं तेव्हाचं सांगतो. वापीजवळच्या गलोंडा गावातल्या आमच्या कंपनीतले आम्ही पाच जण वापीहून रात्रीच्या गाडीत बसलो. पहाटे गाडी थांबली. बाहेर मिट्ट काळोख आणि धो धो पाऊस. जळगावकडचा भूषण दार उघडून ओरडला, "आलं रे आबू! चला, उतरा लवकर!"

मी त्याच्या मागेच होतो. दांडा धरून त्यानं पायरीवरून पाय खाली सोडला आणि म्हणाला, "प्लॅटफॉर्म लागत नाही भो."

तेवढ्यात त्याची चप्पल निसटली. ती पडल्याचा आवाज लगेच आलाच नाही. आला तो खूप खालून, पाण्यातून.

मी दोन्ही हातांनी त्याची सॅक ओढली. दोघंही दारात आडवे झालो. मोबाइलचा उजेड खाली मारला, तर नुसते लोखंडी गर्डर आणि त्याखाली फुगलेली नदी. गाडी पुलावर उभी होती.

भूषण सरकत सरकत दारापासून आत आला. म्हणाला, "आईला सांगू नको."

अर्ध्या तासानं आबूरोड आलं. समोर लख्ख उजेडातला प्लॅटफॉर्म, तरी हा दारातून हलेना.

"तू आधी उतर भो," म्हणाला, "आणि उभा राहून दाखव."