गटप्रमुख शेवटी आत जाते

मॅडम म्हणाली ती मला, काकू. तिथंच मला कळायला पाहिजे होतं. दोन वर्षांत आचलनं मला ताईशिवाय दुसरी हाक मारली नाही — आणि काल संध्याकाळी फोनवर, माझं सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, 'ठीक आहे, मॅडम.' मी म्हटलं असेल, परीक्षेचं टेन्शन असेल, आणि फोन ठेवला. बसा ना, असं उभं नका राहू — या कट्ट्यावर बसा, इथून शाळेचं गेट दिसते. भाजीचं दुकान कोणाजवळ सोडून आल्या? बरं, जाऊ द्या ते. मी लावतेच आहे फोन, सोडला नाही मी. रिंग जाऊन राहिली, बंद नाही आहे — रिंग जाते म्हणजे चांगलंच ना? परीक्षेला येताना फोन सायलेंट करून दप्तराच्या तळाशी ठेवायचा, हे मीच शिकवलं पोरींना. तळाशीच असेल. तिला ऐकूच येत नसेल — मीच शिकवलं ना.

सांगते, नीट सांगते. तुमच्या घरून ती वेळेवरच निघाली, रिक्षात बाकीच्या पोरीही होत्या. साडेआठला रागिणीच्या गावच्या फाट्यावर तिनं रिक्षा थांबवली, म्हणाली, 'तुमी व्हा पुढं, मी रागिणीले घेऊन येतो.' नऊ पोरींचा गट, आचल गटप्रमुख — ते तर तुम्हाला माहीतच आहे, शिबिराच्या दिवशी बिल्ला तुम्हीच लावला होता तिच्या ओढणीला. त्यातल्या सात आत गेल्या. राहिल्या दोघी, रागिणी आणि आपली आचल. आणि रागिणी तर येणारच नव्हती हो आज — तिला पाहायला मूर्तिजापूरचे पाहुणे येऊन राहिले, अकरा वाजता. पेपरही अकरालाच. तिचे वडील म्हणतात, बारावीचा इंग्रजीचा एक पेपर बुडाला तर काय होते, जुलैत देईल. हे आचलला कळलं आणि ती आपल्या मनानं गेली —

नाही. आपल्या मनानं नाही गेली. असं नका पाहू माझ्याकडं, काकू. मी 'जा' असं नाही म्हटलं. मी एवढंच म्हटलं, तुझ्या गटातली एक पोरगी घरी राहिली तर तुला गटप्रमुख कशाला म्हणायचं? एवढंच — आई गं! घंटा होती का ती? पहिली असेल. दहा वाजून दहा झाले. साडेदहाला गेट बंद करतात, त्या पोलीसताईंना मी दोनदा विचारलं, दुसऱ्यांदा त्या चिडल्या. फाट्यावरून इथं यायला दहा मिनिटं. आता निघाली तरी पोचते. आता निघाली तरी.

गटप्रमुख सगळ्यात शेवटी आत जाते — हा आमचा नियम. आमचा म्हणजे माझाच. मागच्या वर्षी मी शिबिरात सांगितलं, पुढारी पुढं पळत नाही, सगळ्यांना मोजून आत पाठवते अन् मग आपण जाते. आमच्या संस्थेच्या अमरावतीच्या ऑफिसात नितेश सरांना ते फार आवडलं, शेवटी आत जाणाऱ्या गटप्रमुखाचा फोटो अहवालाच्या मुखपृष्ठावर आला. यंदाही पाहिजे त्यांना. हे पाहा, आताही मेसेज — मला वाटलं तिचाच, केवढी दचकले मी — विचारून राहिले, 'फोटो झाला का?' काय सांगू त्यांना? सात पोरी आत, अन् जिला शेवटी जायचं ती आलीच नाही?

रिक्षावाल्या शेषरावभाऊंना मी परत पाठवलं आहे. ते फाट्यावर उभे आहेत, गाव तिथून शंभर पावलांवर, पण आत जायला तयार नाहीत — पाहुण्यांच्या दिवशी लोकाच्या अंगणात मी पाय नाही ठेवत म्हणाले. काय? मी? मी काहून नाही गेले त्यांच्यासंगं?

इथं कोणीतरी पाहिजे ना, गेटवर... नाही, तसं नाही. खोटं कशाला बोलू तुमच्याशी. मी भेते, काकू. दिवाळीनंतर रागिणीला शिबिराला पाठवा म्हणून सांगायला गेले होते तिच्या घरी. तिचे वडील, गोवर्धनभाऊ, ओरडले वगैरे नाहीत. बाजेवर बसल्या बसल्या हळूच म्हणाले, 'तुमचं लग्न झालं नाही, म्हणून आमच्या पोरींचं अडवून राहिल्या का?' आणि तिथल्या दोन बाया हसल्या. मी चहा न घेता निघाले. तेव्हापासून एसटी त्या फाट्यावर थांबली की मी मान खाली घालून मोबाइल पाहत बसते. काल रागिणीनं फोन केला तो आचलला नाही, मला केला होता. हुंदके देत होती. जायला मी पाहिजे होतं. अमरावतीला समाजकार्याचं एमएसडब्ल्यू मी केलं, सव्वीस वर्षांची मी — अन् पाठवलं कोणाला, तर सतरा वर्षांच्या पोरीला. आणि त्याला नाव काय दिलं, तर नेतृत्व.

रडू नका ना. नाही, तुम्ही कुठं, मीच... अजून एक आहे. हे सांगायचं नव्हतं, पण आता काय ठेवायचं. पूर्वपरीक्षेत तिला इंग्रजीत एकोणीस मिळाले. ऐंशीपैकी. मीच म्हटलं, आईला नको सांगू, उगाच घोर लागेल. पहाटे पाचला उठून आठ घरी फोन लावायचे, संध्याकाळी दुसऱ्यांना अर्थशास्त्र समजावून द्यायचं, कोणाची आई नाही म्हणते तर तिच्या घरी जाऊन बसायचं — तिचं इंग्रजी कधी व्हायचं हो? मी पाहत होते सगळं. पाहत होते अन् अहवालात लिहीत होते की स्वतःआधी दुसऱ्यांचा विचार करते. छान वाटलं होतं मला ते वाक्य. आता ती त्यांच्या अंगणात उभी असेल, आतून कोणी बोलत नसेल, अन् ही हलत नसेल. तुम्ही तर तिला जास्त ओळखता. हलेल का ती?

परत लावते. उचलला तरी सांगू काय? रागिणीला सोड अन् ये, असं म्हणू? दोन वर्षं उलटंच शिकवलं. ताई परीक्षा पाहून राहिली, असं वाटेल तिला, अन् अजून घट्ट उभी राहील. नियम आहे म्हणेल. बिल्ला आहे म्हणेल. दहा सतरा झाले... रिंग जाते आहे. फोन तुम्ही घेता का बोलायला — थांबा. थांबा काकू, उचलला.

हॅलो? आचल? — अंगणातच आहेस? — नाही, ते नको सांगू, आधी ऐक. तू आता गटप्रमुख नाहीस. — हो. काढलं मी तुला. आत्ता काढलं, तुझी आई इथं बाजूला बसली आहे. — रागिणीचं मी पाहते. मी येते तिथं, गोवर्धनभाऊंशी मी बोलते. फाट्यावर शेषरावभाऊ उभे आहेत, तू रिक्षात बस. — आचल, तुझं काम संपलं. निघ तिथून.